येवा, कोकण आपलोच आसा. पण किनारो कोणाचो?

दांडीच्या किनाऱ्यावर सकाळी सात-साडेसातला उभं राहिलं की मालवणचे दोन धंदे एकाच वाळूत दिसतात. एकीकडे रापण लागलेली असते. पाण्यात अर्धगोल टाकलेल्या जाळ्याचे दोर दोन्ही टोकांना माणसं ओढत असतात, टाचा वाळूत रुतवून, मागं मागं सरकत. शे-दोनशे पावलांवर केशरी लाइफ जॅकेटं घातलेली कोल्हापूर-बेळगावकडची मंडळी स्कुबाच्या होडीची वाट बघत उभी असतात. जाळं उथळ पाण्यात आलं, आतली मासळी चमचमायला लागली की ती रांग मोडते आणि सगळे मोबाइल उंचावून रापणीकडे धावतात. कोणी हौसेनं दोराला हातही लावतो. दोर ओढणारा म्हातारा आणि होडीत सिलिंडर चढवणारा पोरगा हे पुष्कळदा एकाच घरचे असतात.

पर्यटनानं किनारी गाव बिघडवलं की सावरलं याची चर्चा आपण शहरात बसून करतो तेव्हा हे एक घर नजरेतून निसटतं. एका बाजूला मच्छीमार, दुसऱ्या बाजूला पर्यटन असं धरून तराजू काढला जातो. मालवणात दोन्ही पारडी एकाच उंबऱ्याच्या आत आहेत. म्हणून इथला खरा प्रश्न मला वेगळा वाटतो: किनारा कोणाच्या हातात आहे, आणि त्यावर येणाऱ्या पैशाचे वाटे कसे पडतात?

पर्यटक ज्याला मालवण म्हणतो ते नुसतं मालवण शहर नव्हे. शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत वीस हजारांच्याही आतच होती. त्याला लागून दक्षिणेकडे वायरी, मग तारकर्ली, मग देवबाग. पुढं पुढं जमीन निमुळती होत जाते. डावीकडे कर्ली नदीची खाडी, उजवीकडे अरबी समुद्र, मधे माडांची आणि घरांची एक अरुंद पट्टी, आणि शेवटी संगम. या पट्टीवर आज जवळजवळ प्रत्येक दारात खोल्या भाड्यानं मिळण्याची पाटी आहे.

चाळीस वर्षांपूर्वी इथं बाहेरून येणारा माणूस म्हणजे चाकरमानी. तो गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात आणि आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला यायचा, आपल्याच घरात राहायचा, आपल्याच माणसांच्या हातचं जेवायचा. उरलेलं वर्ष गाव त्याच्या मनीऑर्डरीची वाट बघत काढायचं. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा तरुण बाहेर पाठवूनच जगत होता. त्याची खूण जनगणनेत आहे: २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ वर आली. आसपासची शहरं फुगत असताना एक अख्खा जिल्हा आकसला. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया हा आकडा काही लोक अभिमानानं सांगतात. पण त्यामागं मुंबईला गेलेले पुरुष आहेत हेही सांगायला हवं.

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर धावू लागली आणि मुंबईहून कुडाळ-कणकवली एका रात्रीवर आलं. या दोन तारखा शेजारी ठेवून सरकारी अहवाल पर्यटनाची गोष्ट सुरू करतात. मला त्यातली रेल्वे पटते, जाहीरनामा फारसा पटत नाही. मोठमोठ्या घोषणांचं इथं काय झालं ते पाहा. शिरोड्याच्या वेळागरात पंचतारांकित हॉटेलासाठी घेतलेल्या जमिनीचा वाद पिढी बदलली तरी चालूच राहिला. तोंडवळी-वायंगणीच्या सी वर्ल्ड प्रकल्पाविरुद्ध जमीनमालक उभे ठाकले. निवतीजवळच्या समुद्रात पर्यटकांसाठी पाणबुडीची घोषणा वर्तमानपत्रांत गाजली. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीचं विमानतळ सुरू झालं, पण विमान आहे की नाही हे विचारून निघायची सवय लोकांना लावून गेलं.

आणि या सगळ्याच्या खाली, कोणतीही फीत न कापता, हजारभर पडव्यांना भिंती लागल्या.

मालवणातलं पर्यटन वाढलं ते असं. तारकर्लीत पर्यटन महामंडळाच्या झोपड्या झाल्या, मग कर्ली खाडीत हाऊसबोटी आल्या. तिथं जागा न मिळालेले लोक शेजारच्या घरात रात्रीची सोय विचारू लागले. आधी माजघरातली एक खोली, मग पडवी बंद करून दोन खोल्या, मग अटॅच बाथरूम, मग एसी. निवास-न्याहारी योजनेनं त्याला कागद दिला. जेवण घरचंच, कारण दुसरं काही देता येणं शक्यच नव्हतं. या घरांमध्ये पैसा थेट आला आणि तो बाईच्या हातात आला, ही गोष्ट कमी बोलली जाते. खोलीचं भाडं नवऱ्याच्या नावे असेल, पण पाहुण्याला सकाळी घावणे वाढायचे की आंबोळी, माणशी किती घ्यायचं आणि उधारी कोणाची ठेवायची, हे चुलीजवळ ठरतं. मासे विकून घर चालवणाऱ्या बायकांच्या समाजात हे नवीन नव्हे. पण विक्रीसाठी डोक्यावर टोपली घेऊन चालायचं आणि गिऱ्हाईकानं दारात येऊन चप्पल काढायची, यात फरक आहे.

मोठं भांडवल इथं गोव्यासारखं का घुसलं नाही याचं एक कारण गमतीचं आहे. ते म्हणजे सातबारा. कोकणातल्या एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असतात. त्यातली काही मुंबईत, काही बडोद्याला, काही वारलेली, काहींचे वारस कोणालाच माहीत नाहीत. भाऊबंदकीची ही सामाईक जमीन विकायला सगळ्यांच्या सह्या लागतात आणि त्या गोळा करता करता बाहेरचा खरेदीदार थकतो. ज्या सातबाऱ्यानं दोन पिढ्या कोर्टात घालवल्या, त्यानंच किनारा वाचवला असं म्हटलं तर कोकणी माणूस हसेल, पण नाही म्हणणार नाही. अर्थात हे कुंपण कायमचं नाही. वाटण्या होत आहेत, कुळमुखत्यारपत्रं फिरत आहेत, आणि बाहेरच्या पैशाला स्थानिक नाव पुढं करून धंदा कसा करायचा हे समजलं आहे. शिवाय किनाऱ्यालगतच्या कित्येक मच्छीमारांच्या घराखालची जमीन त्यांच्या नावावर नाही. सातबाऱ्याचं कुंपण ज्यांच्या कामी आलं त्यांत हे नाहीत.

दुसरं कुंपण कायद्याचं. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना १९९१ ची. तिनं भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियंत्रणाखाली आणला, आणि ग्रामीण भागात पहिल्या २०० मीटरमध्ये नव्या बांधकामाला मनाई केली. देवबागसारख्या गावात याचा अर्थ काय होतो? समुद्राकडून मोजत आलेली मर्यादा आणि खाडीकडून मोजत आलेली मर्यादा काही ठिकाणी एकमेकींना भिडतात; गाव मधे उरतच नाही. त्यामुळं देवबागचं पर्यटन बरंचसं कायद्याच्या करड्या पट्ट्यात वाढलं. नोटिसा येतात, पाडकामाच्या बातम्या येतात, पुढाऱ्यांच्या भेटी होतात आणि हंगाम सुरू होतो. २०१९ च्या अधिसूचनेनं स्थानिकांच्या घरांत होमस्टेला वाट दिली, पण अट घातली की घराचं जोतं, रचना आणि दर्शनी रूप बदलायचं नाही. ही अट मला मनापासून आवडते. ती पाळणारं घर मात्र तारकर्लीच्या रस्त्यावर शोधावं लागेल.

आता वाट्यांकडे येतो. रापण हे नुसतं जाळं नव्हे, ती वाटणीची पद्धत आहे. रापणकरांचा संघ असतो. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा ठरलेला. आजारी माणसाच्या, विधवेच्या घरीही काही पोचतं, आणि जाता जाता दोराला हात लावणाऱ्यालाही चार मासे मिळतात. मासळी थोडी मिळाली तर सगळ्यांना थोडी, रास पडली तर सगळ्यांची चैन. सिंधुदुर्ग किल्ल्यावर पर्यटक नेणाऱ्या होड्यांनी हीच रीत बंदरावर आणली. जेट्टीवर तिकीट एका ठिकाणी फाडायचं, होड्या पाळीनं लावायच्या. कोणाची होडी रंगवलेली आणि कोणाची जुनी याला महत्त्व नाही. नंबर आला की निघायचं. पर्यटकाला यात गैरसोय वाटते, हव्या त्या होडीत बसता येत नाही म्हणून. पण पैसा पसरवण्याचं याहून सरळ यंत्र मी किनाऱ्यावर पाहिलेलं नाही.

स्कुबा आणि वॉटर स्पोर्ट्सनं ही रीत मोडली. मालवण सोडून तारकर्लीच्या रस्त्याला लागलं की वळणावळणावर पोरं गाडीला हात दाखवतात: स्कुबा, पॅरासेलिंग, डॉल्फिन, त्सुनामी आयलंड, सगळं मिळून एक पॅकेज, व्हिडिओ फुकट. हे दलालीचं जग आहे. पर्यटकानं दिलेल्या रकमेतून हात दाखवणारा, लॉजवाला, रिक्षावाला आपापलं काढून घेतात आणि प्रत्यक्ष पाण्यात उतरून परक्या माणसाचा जीव हातात धरणाऱ्या पोराकडे उरेल ते जातं. गिऱ्हाईक पळवण्यासाठी दर पाडले जातात, पाडलेला दर भरून काढण्यासाठी फेऱ्या वाढवल्या जातात. एका फेरीतली मिनिटं कमी होतात. हे कोणाच्या लोभामुळं होतं असं नाही. पाळी नसली की असंच होतं.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी होडी उलटली. वीस पर्यटक होते, दोघं गेले. त्याआधी १५ एप्रिल २०१७ रोजी वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण बुडाले. अशा प्रत्येक वेळी पहिली होडी घालतो तो जवळचा मच्छीमार. भोवरा कुठं आहे, ओहोटीला पाणी कुठून ओढतं हे त्याला पाठ असतं, पण किनाऱ्यावर उतरणाऱ्या दोन बसगाड्यांना ते सांगायचं काम कोणाचं, याचं उत्तर पंचायत, बंदर खातं आणि पोलिस ठाणं यांच्यामध्ये फिरत राहतं.

लोक मासेमारी सोडून स्कुबाकडे का वळले हे विचारल्याशिवाय हा आढावा अर्धा राहील. मालवणची पोरं पर्यटनाच्या मोहानं पाण्याखाली गेली असं नाही. मासळी कमी मिळू लागली म्हणूनही गेली. मोठ्या पर्ससीन नौकांनी थवेच्या थवे उचलल्यावर किनाऱ्यावरच्या रापणीला काय उरणार? मालवण-आचऱ्याच्या पारंपरिक मच्छीमारांनी यासाठी वर्षानुवर्षं संघर्ष केला, समुद्रात हाणामाऱ्या झाल्या, खटले अंगावर घेतले. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारनं पर्ससीनवर निर्बंध घातले, पुढच्या वर्षी केंद्रानं एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. कागदावर दोन्ही विजय. किनाऱ्यावरून रात्री क्षितिजावर दिसणारे दिवे मात्र त्यानंतरही लोकांनी एकमेकांना दाखवले आहेत. अशा वेळी ज्याच्याकडे छोटी होडी आहे त्यानं तीत जाळ्याऐवजी माणसं बसवली, तर त्याला दोष देता येणार नाही.

पण हा पर्याय दिसतो तितका भरवशाचा नाही, आणि याचं कारण ऋतुचक्रात आहे. राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. वॉटर स्पोर्ट्स आणि किल्ल्याच्या फेऱ्या मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद. म्हणजे ज्या महिन्यांत घराला दुसऱ्या कमाईची गरज असते नेमक्या त्याच महिन्यांत दुसरी कमाईही थांबते. वादळाचा बावटा लागला की जाळंही परत आणि पर्यटकही परत. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळानं होड्या फोडल्या, माड पाडले आणि त्याच रात्री खोल्यांचे पत्रेही नेले. करोनाच्या दोन वर्षांत टाळेबंदीत सुद्धा ज्याच्या घरी जाळं शाबूत होतं त्याच्या घरी निदान आमटीला मासा होता. जाळं विकून जेट स्की घेतलेल्यांचं गणित त्या काळात वेगळं पडलं. शेतकरी जसं सगळं रान एका पिकाखाली आणत नाही, तसं शहाण्या घरानं इथं दोन्ही ठेवलं आहे. ज्यांनी एकच ठेवलं ते कर्जात आहेत.

पाण्याखालची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असं प्रवाळ क्वचित ठिकाणी. १९८७ मध्ये इथं २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं आणि मच्छीमारांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांची भीती साधी होती: आज प्रवाळ म्हणतात, उद्या रापण बंद म्हणतील. न विचारता काढलेल्या रेषेवर कोणीही विश्वास ठेवला नाही, त्यामुळं अभयारण्य नकाशावरच राहिलं. पंचवीस-तीस वर्षांनी त्याच प्रवाळाकडे बघायला लोक पैसे देऊ लागले आणि त्याच घरांतली मुलं ते दाखवू लागली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं जिल्ह्यात किनारी जैवविविधतेचा प्रकल्प झाला. तारकर्लीत महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था उभी राहिली, सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांनी ती घडवली. कालवं आणि शिनाणे काढायला श्वास रोखून बुड्या मारणाऱ्या पोरांना तिथं रीतसर प्रमाणपत्रं मिळाली. या प्रकल्पातली सर्वांत चांगली गोष्ट मला मालवणच्या बाहेरची वाटते: वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः वल्ही मारून कांदळवनाची सफर घडवतात. इंजिनाचा आवाज नाही, गर्दी नाही, आणि पैसा गटाचा.

मालवणात मात्र गर्दीच जिंकली. पोहता न येणाऱ्या माणसाला पाच-सहा मीटर खाली नेऊन माशांच्या घोळक्यात फोटो काढून वर आणायचं, हा धंदा आहे. घोळका जमावा म्हणून पाण्यात बिस्किटं चुरली जातात. नांगर खडकावर पडतो, नवख्याचा पाय प्रवाळावर टेकतो. एकेकाचं नुकसान नगण्य, पण हंगामात रोज किती जण हे मोजलं की नगण्य राहत नाही. निवती रॉकजवळ नौदलाची निवृत्त युद्धनौका गुलदार बुडवून तिथं कृत्रिम प्रवाळभिंत आणि पाण्याखालचं संग्रहालय करण्याची योजना आली, तेव्हा किल्ल्याजवळचा भार हलका होईल असा एक युक्तिवाद होता. तो भार हलका होईल की तिथं नवा उभा राहील, हे त्या पाण्यावर पाळी कोण लावतो यावर ठरेल.

जमिनीवर दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत, त्या पर्यटकाला दिसत नाहीत. एक विहीर. तारकर्ली-देवबागची वाळूची पट्टी पावसाचं गोडं पाणी एखाद्या स्पंजासारखं धरून ठेवते, खाली खारं पाणी असतं. घरापुरता उपसा होता तोवर दोघांचा समेट होता. प्रत्येक खोलीत शॉवर आला, मे महिन्यात मोटर दिवसभर चालू लागली की खालचं खारं वर येतं. त्याच वाळूत विहिरीपासून काही हातांवर शोषखड्डा असतो. दुसरी गोष्ट खुद्द वाळू. देवबागला समुद्र दर पावसाळ्यात किनारा खातो, दगडी बंधाऱ्याची मागणी दर पावसाळ्यात होते, आणि जिथं बंधारा होतो तिथं घर वाचतं पण पुढची पुळण जाते. पर्यटक येतो पुळणीसाठी. उलट संगमावर खाडीच्या तोंडाशी वाळूचं एक बेट वर आलं, २००४ च्या त्सुनामीनंतर आलं असं सांगतात म्हणून ते त्सुनामी आयलंड. भरतीला जवळजवळ बुडणाऱ्या त्या बेटावर हंगामात अख्खी बाजारपेठ उभी राहते. समुद्र एका हातानं घेतो नि दुसऱ्या हातानं देतो, आणि सरकारी मोजणीदार दोन्हीकडे उशिरा पोचतो.

ताटाबद्दल लिहिलं नाही तर मालवणवरचा लेख कसला! ‘मालवणी थाळी’ हा पदार्थ पर्यटनानं घडवला. तांदळाची भाकरी, तळलेला तुकडा, सुक्कं, कालवण, भात, सोलकढी, आणि तुकडा सुरमईचा, नाहीतर पापलेटाचा. पेडवे, तारल्या, मोदकी, लेपे, ज्यावर इथलं प्रत्येक घर वाढलं, त्यांना थाळीत जागा नाही. काटे फार, म्हणतात. मागणी दोन-तीन माशांवर एकवटल्यानं सुरमई स्थानिक घराच्या आवाक्यातून गेली. चांगला मासा लिलावातून उठतो तो हॉटेलात, नाहीतर बर्फात बसून बाहेरगावी. बंदीच्या महिन्यांत तर तुकडा बाहेरूनच बर्फातून येतो, आणि पर्यटक तो ‘ताजा’ म्हणून मिटक्या मारत खातो. एक बरं आहे: खाजा, कोकमाचं आगळ, काजूगर, घरचा मसाला यांना बारमाही गिऱ्हाईक मिळालं. पण वडे-सागोतीच्या शेजारी पनीर बटर मसाल्याची पाटी लागली तेव्हा त्या स्वयंपाकघरात आचारी कुठून आला असेल हेही बघावं. बराचसा कामगारवर्ग आता नेपाळचा, बिहारचा. ट्रॉलरवरचे खलाशीही नेपाळचे. मालवणचा मुलगा होडीचा मालक आहे किंवा मुंबईत आहे. मधलं काम करणारा बाहेरचा आहे. त्या माणसांच्या मुलांची शाळा कुठं, त्यांचं राहणं कुठल्या पत्र्याखाली, हा प्रश्न पर्यटनाच्या एकाही बैठकीत आलेला माझ्या ऐकण्यात नाही.

भाषेचं नशीब मात्र अनपेक्षितपणे उजळलं. एकेकाळी मालवणी बोलणाऱ्या मुलाला शाळेत हसत. ‘वस्त्रहरण’नं मच्छिंद्र कांबळींच्या तोंडून तिला रंगभूमीवर मान मिळवून दिला, आणि आता पर्यटन तिला पाट्यांवर मिरवतं. ‘येवा, कोकण आपलोच आसा’ हे वाक्य महामार्गावर इतक्या ठिकाणी रंगवलेलं आहे की ते स्वागत आहे की विनंती हे कळेनासं होतं. गंमत म्हणजे पाटी मालवणीत, बोलणं हिंदीत. पाहुण्यांशी हिंदी बोलता बोलता घरातली लहान मुलंही एकमेकांशी हिंदी बोलतात हे वायरीत ऐकलं आहे.

किल्ल्याचंही एक सांगायला हवं. कुरटे बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरात पायाभरणी झाली, तीन वर्षांत सिंधुदुर्ग उभा राहिला. भर समुद्रात गोड्या पाण्याच्या विहिरी, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर, आणि आजही आत राहणारी काही कुटुंबं. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. पण मधल्या काळात मालवण देशभर गाजलं ते बंदराशेजारच्या राजकोट किल्ल्यामुळं. डिसेंबर २०२३ च्या नौदल दिनाला तिथं शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं, २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला, आणि मे २०२५ मध्ये राम सुतार यांनी घडवलेला त्याहून बराच उंच पुतळा उभा राहिला. या दीड वर्षात राजकोटचा शांत कोपरा गर्दीचं पहिलं ठिकाण झाला. साडेतीनशे वर्षं लाटा खात उभा असलेला तट समोर असताना लोक पाठ त्याच्याकडे करून फोटो काढतात. रस्ते अरुंद, गाड्या लावायला जागा नाही, आणि हा वाढलेला भार वाहणारी नगरपालिका अठरा-वीस हजार वस्तीच्या मापाची.

पर्यटनाच्या अभ्यासकांकडे अशा गावांसाठी साचे आहेत. रिचर्ड बटलर यांनी १९८० मध्ये पर्यटनस्थळाचं जीवनचक्र मांडलं: शोध, वाढ, साचलेपण, आणि मग ऱ्हास किंवा नवं वळण. त्याआधी जॉर्ज डॉक्सी यांनी स्थानिकांच्या मनाचा चढता वैताग टिपला होता, उत्साहापासून वैरापर्यंत. साचे उपयोगी आहेत, पण मालवणच्या एका घरात एका दिवसात या वैतागाच्या सगळ्या पायऱ्या सापडतात. सकाळी खोल्या भरल्याचा उत्साह, दुपारी नळ कोरडा म्हणून चिडचिड, संध्याकाळी वाळूत दारूच्या बाटल्या दिसल्यावर संताप, आणि रात्री पुढच्या शनिवारचं बुकिंग.

गोव्याचं नाव इथं दिवसातून दहादा निघतं. ‘गोव्यासारखं व्हायला पाहिजे’ आणि ‘गोवा होता कामा नये’ ही दोन्ही वाक्यं एकच माणूस बोलतो. गोव्यात १९८० च्या दशकाच्या शेवटी चार्टर विमानांनी आलेल्या पाहुण्यांविरुद्ध आंदोलनं झाली होती, हे आता कळंगुटच्या गर्दीत खोटं वाटेल. पण गोव्याकडून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे: किनाऱ्यावरचे शॅक. ते हंगामापुरते, काढता येतील असे, आणि सोडतीनं स्थानिकांना दिले जातात. तिथंही परवाना एकाचा आणि धंदा दुसऱ्याचा अशी पळवाट निघालीच. तरी नियम असल्यामुळं पळवाटेला पळवाट म्हणता येतं. मालवणच्या वाळूवर अजून तेवढाही लेखी नियम धड नाही. रापण कुठं ओढायची, गाड्या कुठवर आणायच्या, जेट स्कीनं कुठून वळायचं, तंबू किती, पाळी कोणाची, हे रोज सकाळी आवाज चढवून ठरतं. बंदरावरच्या होड्यांना जे जमलं ते स्कुबाला जमणार नाही असं नाही. तिकीट एका खिडकीवर, दर एक, फेऱ्या ठरलेल्या, आणि रापण लागली असेल तेवढा वेळ त्या तुकड्यावर इंजिन बंद. हे मुंबईहून आदेश काढून होणार नाही, आणि अभयारण्याच्या वेळची चूक पुन्हा करायची नसेल तर तसं करूही नये.

गेल्या जूनमध्ये वायरीतल्या एका घरी थांबलो होतो. समुद्र गर्जत होता, पर्यटक कोणी नव्हता. पडवीची केलेली खोली, दारावर रंगवलेला तीन नंबर. आत पलंग भिंतीला उभा करून ठेवलेला आणि जमिनीभर जाळं पसरलेलं. घरातला थोरला एसीखाली मांडी घालून बसला होता आणि सुई-दोऱ्यानं फाटलेली आसं भरत होता. एसी बंद होता. धाकटा दारात उभा राहून दिवाळीच्या बुकिंगचा फोन घेत होता, आणि बोलता बोलता पायानं जाळ्याची कड आत सारत होता, कारण पागोळी खोलीत येत होती.